गार्नेटच्या कडेचा मळकट पट्टा

दगड रामाकोन्याकडचा, नागपूरहून छिंदवाड्याच्या वाटेवर लागतं तिथला. काळसर ग्रॅन्युलाइट, म्हणजे जमिनीत खोल, प्रचंड उष्णतेत घडलेला खडक. त्यात गार्नेट या खनिजाचे लाल ठिपके. "काका, गार्नेट कडेनं सडलंय, याची स्लाइड नको," संशोधन करणारा मुलगा म्हणाला. स्लाइड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला काचेवर चिकटवून पातळ घासलेला दगडाचा काप; ते करणं माझं काम. हल्ली सगळ्यांना ताजं गार्नेटच हवं असतं. खडक किती तापमान-दाबात घडला, याचं गणित लवकर सुटतं ना. बदललेला दगड म्हणजे बाद दगड, हे मला पटत नाही. मी तो कापायला घेतला.

मे महिन्यात नागपुरात इपॉक्सी हार्डनर टाकताच आवळतं आणि बुडबुडे आत अडकतात, म्हणून चिकटवायचं काम सकाळीच. मग कार्बोरंडमच्या भुकटीवर घासत ०.०३ मिलिमीटरपर्यंत. जाडी दगडातलं क्वार्ट्झ सांगतं: क्रॉस्ड निकोलखाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकातल्या एकमेकींना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवक चकत्यांमधून, पिवळं दिसलं तर अजून घासा, करडं-पांढरं झालं की थांबा.

त्या दिवशी थांबलो नाही. गार्नेटभोवतीचा पट्टा नुसता मळकट तपकिरी दिसत होता. वाटलं, आतले कण स्लाइडच्या जाडीहूनही बारीक असावेत, एकावर एक येऊन झाकले जात असावेत. हिऱ्याच्या पेस्टवर हातानंच आणखी उतरवलं. इथे मशीनवर भरवसा ठेवला की गार्नेट उपटून निघतं, पण नव्या पोरांना हाताचं काम नकोच असतं. क्वार्ट्झ गडद करडं झालं आणि पट्टा उलगडला: हायपरस्थीन या लोह-मॅग्नेशियमच्या खनिजाच्या शेवया, मधे प्लॅजिओक्लेज हे फेल्डस्पार, सगळं गार्नेटच्या काठाला काटकोनात. सिम्प्लेक्टाइट, म्हणजे एकमेकांत गुंतून वाढलेली खनिजं!

खोलवर गार्नेट, क्लायनोपायरोक्सीन आणि क्वार्ट्झ ही तीन खनिजं शेजारी टिकून होती. खडक गरम असतानाच वर आला, दाब उतरला, तिघांची प्रक्रिया झाली. कॅल्शियम-ॲल्युमिनियम प्लॅजिओक्लेजकडे गेलं, लोह-मॅग्नेशियम मुख्यतः हायपरस्थीनकडे. कोरड्या खडकात अणूंना, त्यातही ॲल्युमिनियमला, लांब सरकता येत नाही. म्हणून दोन्ही खनिजं वेगळी न होता एकमेकांत गुंतून वाढली.

त्या मुलाचे सर दुपारभर सूक्ष्मदर्शकावरून उठले नाहीत. पण भेगेलगतच्या बाजूला हायपरस्थीन नाहीच, हिरवं हॉर्नब्लेंड आहे, ज्याला घडायला पाणी लागतं. तिथं पाणी शिरलं, हे उघड. केव्हा शिरलं? सरांच्या मते प्रक्रिया चालू असतानाच. मला वाटतं नंतर, कारण शेवयांची जाडी आणि दिशा दोन्हीकडे तीच आहे. साचा जुना, खनिज तेवढं बदललं. उरलेल्या तुकड्यावर भेगेला आडवी खूण करून ठेवली आहे. पुढचा छेद तिथूनच घेणार.