कमी दिवसांचं बाळ: दूध पाजताना वाटीकडे नव्हे, छातीकडे बघा

गिळताना श्वास थांबतो. तुमचा, माझा, सगळ्यांचाच. घोट खाली उतरताना श्वासनलिकेचं तोंड मिटतं आणि साधारण अर्धा ते एक सेकंद हवा आत जात नाही. नऊ महिने भरलेल्या बाळाला याचा त्रास होत नाही. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं, ही तिन्ही कामं ते सेकंदाला एक अशा गतीने आलटून पालटून करतं. कमी दिवसांच्या बाळाला चोखता येतं, गिळताही येतं, पण या दोन्हींच्या मध्ये श्वास बसवता येत नाही. ती जुळणी साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास सुरू होते आणि पक्की व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो.

हिशेब करून बघा. १४०० ग्रॅमच्या बाळाला दिवसाला किलोमागे १५० मिली दूध द्यायचं म्हणजे २१० मिली. दर दोन तासांनी पाजलं तर एका वेळेला साडेसतरा मिली. एका घोटात पाव मिली गेलं असं धरलं तरी सत्तर घोट झाले, म्हणजे सत्तर वेळा श्वास थांबला. घाईने पाजलं की हे थांबे एकमेकांना चिकटतात, ऑक्सिजन उतरतो, पाठोपाठ हृदयाचे ठोके मंदावतात. बाळाच्या काचेच्या पेटीजवळचं ऑक्सिजन आणि ठोके मोजणारं मशीन दूध पाजतानाच का वाजतं, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरातली मोठी माणसं म्हणतात, "ठसका लागला नाही ना, मग बरोबर जातंय." मोठ्या बाळाच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी चालतं, इथे मुळीच चालत नाही. कमी दिवसांच्या बाळाच्या स्वरयंत्राला दुधाचा थेंब लागला तर ते खोकण्याऐवजी श्वासच धरतं. आवाज नाही, धडपड नाही. ओठांभोवती निळसर-करडी छटा येते आणि अंग सैल पडतं. म्हणून पाजणाऱ्याची नजर वाटीत किती उरलं यावर नको, छाती हलतेय का यावर हवी.

कोणत्या बाळाला कसं पाजायचं हे वजनापेक्षा आठवड्यांवर ठरतं, आणि हे आठवडे आईच्या शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे. ३० आठवड्यांना जन्मलेलं, आज तीन आठवड्यांचं झालेलं बाळ ३३ आठवड्यांचं धरायचं. साधारण ३२च्या आधी पोटात सोडलेल्या नळीने, ३२ ते ३४ मध्ये बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने, ३४ नंतर अंगावर. बाळागणिक थोडं मागेपुढे होतं. पण वय कितीही असलं तरी मिनिटाला ६०च्या वर श्वास चालत असेल तर त्या वेळेला तोंडाने पाजायचं नाही. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नये, कारण ही बाळं मध्येच पाच-दहा सेकंद थांबतात आणि मग भराभर श्वास घेतात.

नळी बहुधा नाकातून न घालता तोंडातून घालतात, त्यालाही श्वासाचंच कारण आहे. तान्हं बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेतं. इवल्याशा नाकपुडीत नळी बसली की अर्धी वाट अडली. नळीने पाजताना सिरिंजचा दट्ट्या काढून टाकतात, सिरिंज बाळाच्या वर धरतात आणि दूध आपल्या वजनाने दहा-पंधरा मिनिटांत उतरू देतात. दट्ट्याने ढकललं तर पोट एकदम ताणतं आणि श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, वर दाबलं जातं. या बाळांच्या बरगड्या मऊ असतात, सगळा श्वास त्या पडद्याच्या हालचालीवर चाललेला असतो. पडदा अडला की धाप लागते. हेच नाकाला हवेचा दाब लावलेल्या बाळाचं: मशीनची हवा पोटातही जाते, म्हणून सिस्टर पाजण्याआधी नळी उघडून ती हवा बाहेर काढतात.

बोंडलं घरात बहुतेकांकडे असतं. कोल्हापूरच्या गुजरीतून, म्हणजे सराफ बाजारातून, आणलेलं चांदीचं चालेल, साधं स्टीलचंही चालेल. फक्त आतून नक्षी नको आणि चोच गुळगुळीत हवी, म्हणजे कोपऱ्यात दूध साचत नाही. वापरण्याआधी ते घासून धुऊन पाण्यात दहा मिनिटं उकळावं. बाळ जागं असेल तेव्हाच पाजावं. झोपेत पाजणं हा घरोघरचा सर्वांत धोकादायक प्रकार आहे. बाळाला मांडीवर अर्धवट बसतं धरा, मानेखाली हात द्या, पण डोकं मागे टाकू नका आणि हनुवटी छातीला टेकू देऊ नका. दोन्हीमुळे श्वासाची वाट अरुंद होते. बोंडलं अर्धंच भरा. चोच खालच्या ओठावर, तोंडाच्या कोपऱ्याला टेकवा आणि थेंब थेंब आत येऊ द्या. घशात ओतू नका.

एक घोट गिळला की थांबा. बाळाने श्वास घेतला का बघा, मगच पुढचा घोट. तीन-चार घोटांनंतर बोंडलं ओठावरून काढा आणि श्वास संथ होईपर्यंत थांबा. नाकपुड्या फुलणं, भुवया वर जाणं, बोटं फाकणं, डोकं श्वासाबरोबर हलणं, दूध ओठांच्या कडेने ओघळणं, ही सगळी "पुरे, थांबा" म्हणण्याची बाळाची भाषा आहे. वीस-पंचवीस मिनिटांत संपलं नाही तर उरलेलं नळीने द्यायचं असतं. बाळाला दमवून शेवटचे पाच मिली पाजले तर त्या दमण्यातच वजनाची वाढ खर्ची पडते.

बाटलीचा आग्रह मात्र सोडा. वेग हातात राहत नाही, आणि "लवकर येत नाही" म्हणून तापलेल्या सुईने भोक मोठं केलेलं निपल तर बाळाच्या जिवावरच उठतं. अंगावर पिताना बाळ स्वतः थांबतं, श्वास घेतं, पुन्हा चोखतं. बाटलीपेक्षा अंगावर पिताना ऑक्सिजन जास्त स्थिर राहतो. पान्हा जोरात येणाऱ्या आईने आधी थोडं दूध पिळून काढावं आणि मग बाळाला घ्यावं. नळीने दूध चालू असताना बाळाला रिकाम्या स्तनावर धरलं तर नुसतं चोखण्याचा सराव होतो, तोही घोटाच्या भाराशिवाय.

घरी आल्यावर श्वासाला त्रास देणाऱ्या काही आपल्याकडच्या रीती आहेत, त्यावर स्पष्टच बोलायला हवं. ओवा-बाळंतशोपांची धुरी नको. ज्याच्या फुप्फुसांनी पेटीत महिना काढला त्याला धूर अजिबात नको. बाळगुटी नको, मध नको. नाकात तेलाचे थेंब मुळीच नकोत, ते फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. दुपट्यात छाती-पोट आवळून बांधू नका. पाजल्यावर दहा-पंधरा मिनिटं उभं धरा आणि मग पाठीवर झोपवा. थोडं दूध बाहेर आलं तर घाबरून जाऊ नका, प्रत्येक थांबलेल्या श्वासाचा दोष उलटीवर टाकता येत नाही आणि उलटीची औषधं दिल्याने ते थांबे कमी होतातच असं नाही.

पाजताना बाळ निळं पडलं तर लगेच थांबा, कुशीवर करा, तोंडातलं दूध पुसा, पाठ चोळा, तळव्यांवर टिचकी मारा. काही सेकंदांत नीट श्वास आला नाही तर १०८ला फोन करा. श्वास आला तरी त्याच दिवशी दाखवा. चांगलं पिणारं बाळ अचानक पिईनासं झालं, पोट फुगलं, हिरवी उलटी किंवा शौचात रक्त दिसलं, श्वास पुन्हा थांबायला लागला, तर हा पाजण्याचा प्रश्न नाही, जंतुसंसर्ग किंवा आतड्याचा आजार असू शकतो. दुसरा दिवस उजाडायची वाट बघू नका. गगनबावडा, शाहूवाडीकडच्यांनी पावसाळ्यात घरी जाण्याआधीच रस्ता बंद झाला तर बाळाला कुठे न्यायचं हे दवाखान्यातल्या नवजात बाळांच्या कक्षातल्या डॉक्टरांना विचारून ठेवावं आणि आशाताईंचा नंबर फोनमध्ये घालून घ्यावा.