१२७ नंबरचा पाऊस

आमच्याकडे कुठल्याही कीबोर्डला कॅसिओच म्हणायचे. वनस्पती तूप म्हणजे डालडा, तसं. कॅसिओ कंपनीचा पहिला कॅसिओटोन १९८० साली आला आणि पुढे कुणी काहीही बनवलं तरी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात ते कॅसिओच राहिलं. शाळेतला कीबोर्ड भलत्याच कंपनीचा होता. वर्षभर कपाटात कुलपात असायचा आणि डिसेंबरात गॅदरिंगच्या तालमी सुरू झाल्या की संगीताचे सर तो बाहेर काढायचे. आधी फडक्याने पट्ट्या पुसायच्या, मगच हात लावायचा.

सरांचा जीव पेटीत. त्यामुळे ते कीबोर्डावर पेटीच्या जवळचा आवाज, २१ नंबरचा रीड ऑर्गन, लावून ईशस्तवन वाजवायचे, पाहुणे आले की ११२ नंबरची सनई. सनईला मींड हवी म्हणून डाव्या हाताने ते सूर वरखाली सरकवणारं चाक हळूच फिरवायचे आणि प्रत्येक वेळी थोडं जास्तच फिरायचं. बाकीच्या आवाजांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. मला होतं. मी सातवीत होते, गाता येत नव्हतं, नाचात उंचीमुळे मागच्या ओळीत, आणि नाटकात मला एकदा झाड केलं होतं.

कीबोर्डाच्या पुस्तकात मागच्या पानावर १२८ आवाजांची यादी होती. त्यातले शेवटचे आठ वाद्यांचे नव्हतेच. १२३ समुद्र, १२४ पाखरं, १२५ टेलिफोन, १२६ हेलिकॉप्टर, १२७ टाळ्या, १२८ बंदूक. त्याआधीचे दोन म्हणजे गिटारच्या तारेवरून बोट घासल्याचा आवाज आणि श्वासाचा आवाज. ते कुणाला आणि कशाला लागत असतील हे मला आजही कळलेलं नाही. ही यादी त्या एका कंपनीची नव्हती. १९९१ साली जनरल मिडी नावाचं एक प्रमाण ठरलं, म्हणजे एका वाद्यावर बांधलेलं गाणं दुसऱ्यावरही तसंच वाजावं. त्याचा फायदा मला गणपतीत झाला. मंडळाने भाड्याने आणलेल्या कीबोर्डावरही १२५ दाबलं की फोनच वाजला आणि मी रातोरात मंडळाचीही ‘आवाजवाली’ झाले.

तोवर आवाजांचं खातं शिपाईमामांकडे होतं. विंगेत एक पत्रा दोरीने टांगलेला, तो हलवला की गडगडाट. दोन करवंट्या फरशीच्या तुकड्यावर आपटल्या की घोडा. आणि घोडा लांबून येतोय की दारात आलाय, हे ते नुसत्या मनगटावर दाखवायचे. दोन बाकं जोडून त्यांच्या शेजारी माझा कीबोर्ड मांडला, स्पीकरच्या तोंडाशी रुमालात गुंडाळलेला माईक ठेवला, तेव्हा त्यांनी सगळं नीट पाहून घेतलं आणि विचारलं, “पोरी, घोडं हाय का ह्यात?”

“न्हाई मामा.”

“गडगडाट?”

“तोबी न्हाई.”

“मग बस निवांत,” म्हणाले आणि सरकून मला जागा दिली.

खरी गंमत पट्ट्यांची होती. आवाज एकच, पण उजवीकडची पट्टी दाबली की तो बारीक आणि घाईचा होतो, डावीकडची दाबली की जाडा आणि संथ. मधल्या पट्टीवरचं हेलिकॉप्टर अगदी डावीकडे नेलं की विहिरीवरचं डिझेल इंजिन वाटायचं, अगदी उजवीकडे शिलाई मशीन. पाखरं डावीकडे नेली की भलतंच जनावर ओरडायचं. तालमीच्या मधल्या सुट्टीत मी हेच करत बसायचे. सरांना वाटायचं मी सराव करतेय.

फोनची फजिती त्याच वर्षीची. विनोदी नाटुकलं चालू, मावशीचं काम करणारी मुलगी फोनची वाट बघत येरझाऱ्या घालतेय, आणि लाईट गेली. भारनियमनाचे दिवस होते, जनरेटर तयार होता, दोन मिनिटांत उजेड आला. मी लगेच पट्टी दाबली. टँग! वीज गेली की कीबोर्ड सगळं विसरून १ नंबरच्या पियानोवर येतो, हे माझ्या लक्षातच नव्हतं. मावशी क्षणभर थबकली, मग “अगंबाई, बेल वाजली वाटतं” म्हणत दाराकडे गेली, दार उघडून “कोणी नाही, कार्टी पळाली” म्हणाली. तेवढ्यात मी एक-दोन-पाच दाबले आणि फोन वाजला. लोकांना तो नाटकातलाच विनोद वाटला. सरांनी मात्र विंगेतून माझ्याकडे असं बघितलं की पुढे लाईट आली की पट्टीआधी माझं बोट नंबराकडेच जायचं.

पण मला सांगायचंय ते आग्र्याच्या प्रवेशाबद्दल. आठवीत असताना ‘आग्र्याहून सुटका’ बसवलं. सर म्हणाले, १६६६ चा ऑगस्ट, ऐन पावसाळा, पेटारे बाहेर पडतायत तर पाऊस हवा. यादीत ९७ नंबरला ‘रेन’ असं नाव होतं, पण तो पाऊस नव्हता, नुसता सूर होता. समुद्र लावून पाहिला, तर महाराज आग्र्याऐवजी सिंधुदुर्गावर असल्यासारखे वाटायला लागले. मग एका संध्याकाळी १२७ लावून सहज डावीकडची पहिली पट्टी दाबून धरली. टाळ्या इतक्या संथ आणि जड झाल्या की एकेक टाळी सुटी पडायला लागली, पत्र्याच्या शेडवर टपोरे थेंब पडावेत तशी. शेजारच्या दोन पट्ट्या आणखी धरल्या आणि मुसळधार सुरू झाली. सरांनी पेटी थांबवून विचारलं, “हे काय लावलंयस?” मी “पाऊस” एवढंच सांगितलं.

कार्यक्रमाच्या रात्री पेटारे निघाले, मी तीन पट्ट्या धरल्या, मामांनी पत्रा हलवला. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी डोक्यावरून पदर पुढे ओढला. डिसेंबरच्या थंडीमुळे असेल, पण मी तो पावसाच्याच खात्यावर जमा केला.

सगळं आवरल्यावर मांडववाला कनाती सोडत होता, मामा पत्र्याची दोरी गुंडाळत होते. म्हणाले, “पोरी, त्यो पाऊस कशाचा हुता?”

“टाळ्यांचा, मामा.” मी डावीकडची पट्टी दाबून दाखवली, मग हात मधे आणला. रिकाम्या मैदानात भरगच्च टाळ्या वाजायला लागल्या. मांडववाल्याने वळून बघितलं. पट्टी सोडली की आवाज थांबतो, म्हणून मी बोट उचलायला गेले.

“ऱ्हाऊ दे,” मामा म्हणाले. “दोरी गुंडाळूस्तोवर ऱ्हाऊ दे.”