अनुक्रमांक ४

गुरुवार, रात्री साडेअकरा

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. कारण अगदीच क्षुल्लक आहे. क्षुल्लक आहे हे कळतंय आणि तरी डोक्यातून जात नाहीये, त्याचा राग वेगळा.

सकाळी दूध आणायला खाली गेले तर नोटीस बोर्डावर नवा कागद. 'आवारातील विनावापर वाहने.' सात दिवसांत हलवावीत, अन्यथा सोसायटी योग्य ती कार्यवाही करील. करील! आमच्या सेक्रेटरीला नोटीस लिहायला बसलं की एकदम पेशवाई चढते. एक नंबरला बी विंगची ती चाकं नसलेली स्कूटर. दोनला कुणाच्या तरी अमेरिकेला गेलेल्या मुलाची सायकल. तीनला मागच्या भिंतीला टेकलेली मोटरसायकल, जिच्याखाली दरवर्षी मांजर वितं. आणि चार: 'लाल, दोन सीटची, कापडी टपाची. मालक – ३०२, साहेब.'

दूध न घेताच वर आले. चहा कोरा प्यायले.

विनावापर. भंगार म्हटलं असतं तर खाली जाऊन भांडले असते. बेवारस म्हटलं असतं तर पीयूसी, विमा, आरसी, सगळी फाइल त्याच्या टेबलावर आपटली असती. पण हा शब्दच असा गुळगुळीत आहे की हातात धरायला जावं तर निसटतो. बँकेत आम्ही 'निष्क्रिय' म्हणायचो. दोन वर्षं खात्यात देवघेव नाही की खातं निष्क्रिय. अशी पत्रं मी स्वतः ढिगाने पाठवली आहेत. एकदा एक धोतरातले आजोबा ते पत्र घेऊन काउंटरवर आले आणि म्हणाले, "बाई, मी निष्क्रिय दिसतो का तुम्हाला?" चहाच्या सुट्टीत आम्ही किती हसलो होतो. आज दुपारी ते आजोबा आठवले आणि हसू काही आलं नाही.

लेकीला फोन केला. म्हटलं, परवाच तर काढली होती गाडी. ती म्हणाली, "आई, परवा म्हणजे कधी?"

मी म्हटलं, परवा म्हणजे परवा.

संध्याकाळी टॉर्च घेऊन खाली गेले, कव्हर अर्धं वर केलं. कव्हरवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने बदाम काढलाय. डॅशबोर्डाच्या खणात पेट्रोलची पावती सापडली. त्या पावत्यांची शाई उडते, तरी तारीख वाचता आली. १ जून.

म्हणजे पाच महिने आणि वर दोन आठवडे.

आता जूननंतर पाऊस. या गाडीचा टप कापडी, तोही २४ वर्षांचा. काचेच्या कडेने पाणी आत येतं आणि थेट डाव्या सीटवर टपकतं. नवऱ्याच्या सीटवर, म्हणजे. त्यामुळे जून ते सप्टेंबर गाडी बाहेर काढायचीच नाही हा आमचा जुना नियम. ऑक्टोबरात माझी दाढ. मग दिवाळी. आणि मुख्य म्हणजे रस्ता! गल्लीचा रस्ता काँक्रीटचा केला, तो आमच्या आवारापेक्षा चांगला वीतभर वर आला. आता गेटातून बाहेर पडताना उंच गाड्या ऐटीत चढून जातात आणि माझ्या गाडीचं पोट घासतं. तो घासल्याचा आवाज मला माझ्याच बरगड्यांत ऐकू येतो. ही सगळी कारणं खरी आहेत. तरी त्या पावतीसमोर ती कारणंच वाटतात.

पाच महिने. मग विनावापर नाही तर काय म्हणणार तो बिचारा?

नाही, बिचारा नाही. मागच्या सभेत हाच म्हणाला, "काकू, पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारात द्यावी लागते ना?" ते दिल्लीत, बाबा. आपल्याकडे पंधरा वर्षं झाली की गाडी आरटीओला दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, पाच वर्षांची मुदत वाढवून घ्यायची, की परत पाच वर्षं मोकळे. २०१६ ला केलं, २०२१ ला केलं. पुढच्या वर्षी पुन्हा. फक्त फी बघितली की घाम फुटतो. पूर्वी नूतनीकरणाला ६०० रुपये होते, २०२२ च्या एप्रिलपासून ५००० झाले, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या गाड्यांना १००००. बरं, गाडी पन्नास वर्षांची झाली की सरकार तिला व्हिंटेज म्हणतं, वेगळा नंबर देतं, लोक शेजारी उभे राहून फोटो काढतात. आमची नवीही नाही आणि व्हिंटेजही नाही. या मधल्या वयाला काय म्हणतात ते मला विचारू नका, मी स्वतः त्याच्या पुढे जाऊन बसलेय.

झोप नाहीच.

शुक्रवार

चावी फिरवली. नुसतं टिक. बॅटरी बसली होती. अर्थातच.

दहा नंबरचा पाना घेऊन मीच टर्मिनल सोडवले. वॉचमनने बॅटरी उचलून वर आणली. आता ती गॅलरीत तुळशीशेजारी चार्जरला लावून ठेवलीय. खालच्या सॉकेटला लावली असती तर 'सोसायटीची वीज' या विषयावर आणखी एक नोटीस लागली असती.

बॉनेट उघडल्यावर आधी मागच्या वर्षी ठेवलेला तंबाखू दिसला. उंदीर वायर कुरतडतात म्हणून माझ्या मेकॅनिकने, उस्तादने, ठेवायला सांगितला होता. तंबाखू संपलेला, वायर शाबूत. यावरून उंदरांबद्दल काय समजायचं ते मी समजले.

उस्तादला फोन लावला. कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगाराच्या गल्लीत त्याचं दुकान आहे, म्हणजे एक पत्रा आणि एक खड्डा. वीस वर्षं हा माणूस मला पहिल्यांदा एकच विचारत आलाय, "साहब नहीं आये?" पूर्वी मी सांगायचे, साहेबांना गाडीतलं कळत नाही. आता तो विचारत नाही. मला वाटलं होतं, हा प्रश्न बंद झाला की बरं वाटेल.

तर उस्ताद म्हणाला, "मॅडम, पाँच महिना खडी रखी? पेट्रोल खराब हो गया होगा." त्याचं म्हणणं, हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्यासाठी बनलेलेच नाहीत. आधी फुगतात, मग चिरतात. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल ताजं राहतं, उभ्या गाडीत ते नुसतं बसून खात राहतं. "गाडी चलाने से नहीं मरती मॅडम, रखने से मरती है." हे वाक्य त्याने मला याआधी किमान दहा वेळा ऐकवलंय. आज मात्र फोन ठेवून मी पाच मिनिटं स्टुलावर बसून राहिले.

या गाडीचं इंजिन फ्रेंच, रेनोचं, ११४९ सीसी. अंग फायबरचं, जन्म गोव्यातला. सॅन स्टॉर्म. नाव वादळाचं आणि ताकद साठ घोड्यांची. आता त्यातले किती उरलेत देव जाणे, पण गाडी इतकी हलकी की आहेत तेवढे पुरतात. हेच इंजिन तिकडे ट्विंगो नावाच्या छोट्या गाडीत असायचं, हे उस्तादच्या मुलाने शोधून काढलं. तेव्हापासून आमचे सुटे भाग युरोपातून येतात, भाच्याच्या बॅगेतून. मागच्या खेपेला त्याने टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप आणला आणि विमानतळावर बॅग उघडायला लावली. हे काय आहे? "मावशीच्या गाडीचा पंप." मावशीचं वय ऐकून त्यांनी बॅग बंद करून दिली म्हणे.

फायबरच्या अंगाचं एक सुख आहे. पार्ल्याच्या हवेत शेजारच्या गाड्यांची दारं सडली, हिची नाही. पण त्याच फायबरचा एक ताप आहे, आणि तो समजायला मला सात-आठ वर्षं लागली. पत्र्याच्या गाडीत अर्थिंगला अख्खी बॉडी असते, दिव्याची एक वायर जवळच्या पत्र्याला टेकवली की काम झालं. फायबरमधून वीज जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याची परतीची वायर वेगळी ओढून खालच्या लोखंडाला नेऊन जोडावी लागते. त्या जोडांना मुंबईची दमट हवा लागली की गंज चढतो, आणि मग वीज मिळेल त्या वाटेने घरी जाते. म्हणून माझ्या गाडीत डावा इंडिकेटर दिला की हेडलाइट डोळे मिचकावतो. सुरुवातीला मी बल्ब बदलले, मग फ्यूज, मग स्विच, मग मेकॅनिक. शेवटी उस्तादने गाडीखाली झोपून एक नट पॉलिश पेपरने घासला आणि पन्नास रुपये घेतले. दोन-तीन पावसाळ्यांनी पुन्हा तेच. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतात, अहो मग विकून टाका. विकायची म्हणजे... जाऊ दे.

तिसऱ्या मजल्यावरून खाली बघितलं, तर नोटीस वाऱ्याने अर्धी सुटली होती. सेक्रेटरी येऊन नीट चिकटवून गेला.

मला खरं काय टोचलं ते आत्ता लिहिते. 'साहेब' टोचलंय. विनावापर नंतर.

गाडी माझी आहे. आरसीवर माझं नाव आहे. २००१ ला बँकांची व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, आली तेव्हा आमच्या शाखेतल्या बायकांनी फ्लॅट घेतले, मुलांच्या शिक्षणासाठी ठेवी ठेवल्या, एकीने काशी केली. मी ही घेतली. घरात तीन दिवस कुणी माझ्याशी बोललं नव्हतं. नवरा तिला 'तुझं खेळणं' म्हणायचा. बसायचा तेव्हा गुडघे हनुवटीला लागायचे, सिग्नलला लोक बघतात म्हणून पेपर तोंडासमोर धरायचा. आणि आता सगळ्या सोसायटीच्या मनात ती त्याची आठवण म्हणून मी सांभाळून ठेवलेली गाडी झालीय! तळमजल्याच्या काकू तर परवा कव्हरवरून हात फिरवून डोळ्याला पदर लावत होत्या. काय सांगणार? सांगितलं तर त्याला कमी लेखल्यासारखं होतं, नाही सांगितलं तर...

बॅटरी ऐंशी टक्के दाखवतेय. तुळशीला पाणी घालताना जपायला हवं.

रविवार, सकाळी नऊ

लिहायला हात थरथरताहेत, पण ते क्लचमुळे.

पावणेसहाला खाली गेले. तिसऱ्या चावीला सुरू झाली. आधी खोकली, मग एक पांढरा ढग सोडला, मग स्थिर. वॉचमनने टाळ्या वाजवल्या. गेटाशी मी माझ्या दोन फळ्या टाकल्या, जुन्या पाटाच्या आहेत, आणि तिरकी तिरकी घेत चढवली. पोट घासलं नाही. जरासंच घासलं.

टप उघडला. नोव्हेंबरची पहाट, पार्ल्यातसुद्धा थोडा गारवा. हायवेने वांद्रे, सी लिंक, मग सरळ कोस्टल रोड. इतक्या खाली बसल्यावर ऐंशीचा वेगसुद्धा दीडशेसारखा वाटतो, हा या गाडीचा खरा अर्थसंकल्प: थोड्या खर्चात जास्त भीती. उजवीकडे हाजी अली, उजवीकडेच समुद्र, कठडा नेमका डोळ्यांच्या उंचीला, त्यामुळे समुद्र दिसतो कमी आणि वास जास्त येतो. मलबार हिलखालचा बोगदा दोन किलोमीटरचा. तिथे ६० ची मर्यादा आहे आणि मी ती पाळते, पण तिसऱ्या गिअरमध्ये. उघड्या गाडीत तो आवाज भिंतींवरून फिरून परत येतो ना, तेव्हा साठ घोडे आहेत की सहाशे ते कुणी मोजत नाही. मी ओरडले थोडीशी. एकटीच होते.

मरीन ड्राइव्हच्या सिग्नलला शेजारी एक काळी, घराएवढी गाडी येऊन थांबली. पोराने काच खाली केली. खाली बघावं लागलं त्याला. "आंटी, कौनसी है? इलेक्ट्रिक?" मी म्हटलं, "गोव्याची." त्याला काही कळलं नाही. पुढचा प्रश्न ठरलेला, "कितना देती है?" मायलेज. अख्ख्या मुंबईत या गाडीला हाच प्रश्न विचारतात. मी म्हटलं, "देती नहीं, लेती है." सिग्नल सुटला. डावीकडे वळायचं म्हणून इंडिकेटर दिला आणि हेडलाइट डोळे मिचकावायला लागला. त्या पोराला वाटलं मी मुद्दाम केलं. त्याने हात हलवला.

गिरगावात गाडी लावून साबुदाणा वडा खाल्ला. उतरायला दाराची चौकट धरून दोन झोके घ्यावे लागतात, तिसऱ्याला मी बाहेर. वडेवाल्याचा मुलगा मदतीला धावला, त्याला नको म्हटलं. म्हणजे आधी नको म्हटलं, मग हात दिला.

परत आले तर नोटीस बोर्डापाशी वॉचमन उभा, चेहरा असा की पेढे वाटतोय. अनुक्रमांक ४ वर निळ्या पेनची आडवी रेघ. शेजारी सेक्रेटरीचं अक्षर: 'साहेबांची गाडी चालू आहे.'

"आंटी, मैंने बोलके लिखवाया."

चालू! हसूच आलं. बोर्डाला दोरीने बांधलेलं पेन आहे, ते घेतलं आणि 'साहेबांची'वर टेकवलं. एकदा गिरवलं, दोनदा गिरवलं, शाई उमटेना. झटकलं, तळव्यावर फिरवून बघितलं. तेवढ्यात पेपरवाला आला, त्याच्याकडे पेन मागावं असं मनात आलं, पण मागितलं नाही. जन्मभर पेपर तोंडासमोर धरून बसला बिचारा. होऊ दे मालक.

इंडिकेटरचं मात्र बघायला हवं. उस्तादचा फोन लागत नाहीये.