आधी काढलेलं ड्रेसिंग बघा, मग नवीन उघडा

नवीन जॉईन झालेल्या सिस्टर्स मला हमखास विचारतात, या जखमेला काय लावू, आणि मी उलट विचारते की काढलेलं ड्रेसिंग कसं होतं, कोरडं, ओलसर की पार भिजून बाहेर आलेलं? तोपर्यंत ते डस्टबिनमध्ये गेलेलं असतं. अगं, अर्धं उत्तर त्यातच होतं.

जखम उघडी ठेवून वाळवली की लवकर भरते हे आपल्या डोक्यात फार पक्कं बसलंय. पण १९६२ मध्येच संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं होतं की झाकून ओलसर ठेवलेल्या वरवरच्या जखमेवर नवी त्वचा साधारण दुप्पट वेगाने चढते, कारण खपली असली की पेशींना तिच्या खालून वाट काढावी लागते आणि ओलाव्यात त्या सरळ पुढे सरकतात. म्हणूनच भरत आलेल्या जखमेवर थेट कोरडा गॉज ठेवलेला बघितला की मला खरंच वाईट वाटतं, तो चिकटतो, काढताना लाल दाणेदार नवं मांस सोबत उपटून आणतो, पेशंट कळवळतो आणि चार दिवसांत भरलेलं एका झटक्यात जातं.

पण ओलसर म्हणजे चिखल नाही. कडेची त्वचा पांढरी पडून सुरकुतली असेल तर जखमेतून पाझरणारा स्राव शोषायला ड्रेसिंग कमी पडतंय, तिथे स्पंजसारखं फोमचं ड्रेसिंग किंवा अल्जिनेट लागेल. अल्जिनेट समुद्री शेवाळापासून करतात, स्राव शोषून त्याचं जेल होतं, पण तेच कोरड्या जखमेत घातलं तर असलेला ओलावाही ओढून घेतं आणि चिकटून बसतं. कोरड्या, पिवळट स्लफ म्हणजे मेलेल्या पेशींचा थर असलेल्या जखमेला हायड्रोजेल, म्हणजे ओलावा देणारं पाणीदार जेल. कमी स्राव असेल तर हायड्रोकोलॉइड, म्हणजे स्राव शोषून आतून जेल होणारी चिकट पट्टी, आणि ती काढल्यावर पिवळं, वास येणारं जेल दिसलं तर लगेच पू झाला म्हणून घाबरू नका, सलाईनने धुवून मग बघा. चांदीचं ड्रेसिंग इन्फेक्शनची लक्षणं असतील तरच, आणि दोन आठवड्यांनी परत विचार करायचा, सवय म्हणून चालू ठेवायचं नाही.

एका जागी मात्र हा ओलाव्याचा नियम मी थांबवते. टाचेवरची कोरडी, घट्ट बसलेली काळी खपली, आजूबाजूला लाली नाही, सूज नाही, तर तिला हात लावायचा नाही, कोरडीच ठेवायची, टाचेवरचा दाब काढायचा, आणि पायाची नाडी तपासून तिथे रक्त नीट पोचतंय का हे बघितल्याशिवाय जेलची ट्यूब उघडायचीच नाही.