टोन काढला, व्हॉल्यूम परत बसवला

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे मंडपात वाजवायचं म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या पॉटमध्ये (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा फिरता रेझिस्टर) धूळ जाणारच. नॉब फिरवला की ॲम्पमधून (ॲम्प्लिफायर) खरखर येते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दोनदा भागवलं. तिसऱ्यांदा म्हटलं, हे नॉब लागतातच कशाला? गिटार टेलीकास्टर पद्धतीची. नॉब बसलेल्या धातूच्या प्लेटचे दोन स्क्रू काढले आणि पिकअप (तारांची कंपनं पकडणारं कॉइल) निवडायच्या स्विचची तार थेट केबलच्या जॅकला जोडली.

आवाज आधी मोकळा वाटला, मग कानाला टोचायला लागला. नॉब १० वर, म्हणजे पूर्ण, असले तरी पॉट स्वस्थ बसलेले नसतात. व्हॉल्यूम २५० के (किलो-ओहम) आणि टोन २५० के, समांतर असल्याने दोन्ही मिळून पिकअपवर साधारण १२५ के भार पडतो. त्यानेच सिंगल कॉइलचा (एकाच कॉइलच्या पिकअपचा) वरचा कर्कशपणा दबतो. दोन्ही काढले की उरतो फक्त ॲम्पच्या इनपुटचा भार, बहुधा १ मेग (मेगओहम); ओहम जास्त म्हणजे भार कमी.

टोचणं ॲम्पवर कमी करता येतं. खरी अडचण गाण्यांच्या मधल्या वेळात. जनरेटरवरच्या मंडपात सिंगल कॉइल सतत गुणगुणतं आणि हाताशी बंद करायला काही नाही. शिवाय ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका करणारा इफेक्ट) लावून ठेवून गायकाच्या मागे व्हॉल्यूम ६ वर आणला की आवाज स्वच्छ होतो. ॲम्पपुढच्या पॅडलने तो नेमकेपणा मला जमला नाही.

म्हणून व्हॉल्यूम पॉट नवा घेतला. ‘ए २५० के’ मागायचा, ‘ए’ म्हणजे कानाला आवाज सारखा बदलल्यासारखा वाटणारा. दुकानदार सहज ‘बी’ देतो, तो लिनिअर, म्हणजे रेझिस्टन्स सरळ प्रमाणात बदलणारा. त्यात १० पासून ४ पर्यंत फारसा फरक कळत नाही आणि खाली एकदम आवाज जातो. पॉटची पाठ सँडपेपरने घासून घेतली, तरच अर्थची (अर्थिंगची) तार ४० वॉटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने तीन-चार सेकंदांत धरते. न घासता तापवत बसलात तर आतला कार्बनचा पट्टा जळतो. (एक पॉट असाच गेला.)

टोनच्या जागी २२० के रेझिस्टर लावला, व्हॉल्यूमच्या इनपुट टोकापासून अर्थपर्यंत. टोन १० वर ठेवणाऱ्याला पॉट होता की नाही हे कळणारही नाही. टोन नॉब खरंच फिरवत असाल, तर मात्र तो ठेवा, ‘४७३’ (०.०४७ मायक्रोफॅरड) लिहिलेल्या कपॅसिटरसकट.

व्हॉल्यूम उतरवला की आवाज घोगरा व्हायचा. पाच मीटर केबलची सुमारे ५०० पिकोफॅरड कपॅसिटन्स ट्रेबल (वरचे, तीक्ष्ण स्वर) खाते. पॉटच्या इनपुट आणि मधल्या टोकात ‘१०२’ (१००० पिकोफॅरड) कपॅसिटर आणि १५० के रेझिस्टर समांतर लावले, तेव्हा फरक पडला.

प्लेट बंद करण्याआधी केबल लावून तिच्या मोकळ्या प्लगचं टोक आणि बाहेरची बाजू यांमधला रेझिस्टन्स मल्टिमीटरवर तपासा. व्हॉल्यूम पूर्ण असताना ६-७ के यायला हवेत. शून्य आलं तर कुठेतरी तार प्लेटला टेकली आहे.

रिकाम्या भोकातून पुन्हा धूळ जाऊ नये म्हणून जुना टोन पॉट तारा तोडून तिथेच ठेवला आहे. नॉब फिरतो, होत काही नाही.