द्राक्षाच्या पेटीपासून रिकार्डोपर्यंत: दूरशिक्षणाचे धडे रेकॉर्ड करताना

दूरशिक्षणाने बी.ए. करणाऱ्यांसाठी अर्थशास्त्राचे व्हिडिओ करायचं ठरलं, तेव्हा 'आंतरराष्ट्रीय व्यापार आणि जागतिकीकरण' हा घटक मी मागून घेतला. आमचे विद्यार्थी म्हणजे पाळी संपवून पुस्तक उघडणारे कामगार, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बायका, भरतीची तयारी करणारी मुलं. ज्या विषयाचा त्यांच्या पगाराशी आणि पिकाशी थेट संबंध, तोच त्यांनी गाइडातून घोकायचा, हे मला फार लागत होतं.

वर्गात समोरच्याच्या कपाळावर आठी दिसली की आपण थांबतो, पुन्हा सांगतो. कॅमेऱ्यापुढे ती सोय नाही. म्हणून संहिता लिहायच्या आधी अभ्यासकेंद्रांवरच्या संपर्कसत्रांत मुलांना या घटकावरचे प्रश्न कागदावर लिहून द्यायला सांगितलं. धड्यांचा क्रम त्या कागदांनीच ठरवला. पुस्तकात आधी व्याख्या, मग सिद्धांत, मग संघटना आणि सगळ्यात शेवटी भारत. मी सुरुवात केली नाशिकच्या द्राक्षापासून.

टेबलावर निर्यातीची एक रिकामी पेटी ठेवली आणि कॅमेरा तिच्या लेबलवर नेला. त्यावरच्या क्रमांकावरून युरोपात बसलेल्या माणसालाही माल कुठल्या बागेतला हे शोधता येतं. मग मागे जात गेलो: बागेची नोंदणी, तोडणीआधी औषधांच्या अंशांची प्रयोगशाळेत तपासणी, पॅकहाउसमधली प्रतवारी, प्री-कूलिंग (माल आधीच थंड करणं), रीफर म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर, न्हावाशेवा बंदर, सुएझ कालवा, नेदरलँड्समधलं रॉटरडॅम बंदर. 2010 साली सीसीसी या संजीवकाचे, म्हणजे वेलीच्या वाढीवर नियंत्रण ठेवणाऱ्या रसायनाचे अंश सापडल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षं अडली होती. जकात न वाढवताही व्यापार कसा अडतो, हे त्या एका हंगामावरून जितकं कळतं तितकं व्याख्येवरून कळत नाही. 2023च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले. नकाशावर तो वळसा मी बोटाने हळूहळू काढला. वाटेत वाढलेल्या दिवसांचं भाडं कोणी सोसायचं आणि नाशवंत मालाचं काय होतं, हे विचारून धडा तिथेच थांबवला.

सगळ्यात जास्त वेळ गेला रिकार्डोवर. तुलनात्मक लाभाचा सिद्धांत समजावताना इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने 1817 साली दिलेलं उदाहरण असं: ठरावीक कापड तयार करायला इंग्लंडमध्ये 100 माणसं वर्षभर लागतात, ठरावीक वाइनला 120. पोर्तुगालमध्ये कापडाला 90, वाइनला 80. जवळजवळ प्रत्येक केंद्रावरून एकच शंका आली होती: पोर्तुगाल दोन्हींत सरस आहे, मग तो इंग्लंडकडून काही घेईलच कशाला?

ही शंका रास्त आहे. तिला बगल देऊन पुढे जाणं मला कधीच पटलेलं नाही. फळ्यावर चारच आकडे ठेवले. तेवढ्याच वाइनला तेवढंच कापड असा सौदा ठरला असं धरलं. पोर्तुगालने 80 माणसं वाइनला लावली, ती इंग्लंडला देऊन कापड घेतलं. घरी तेच कापड काढायला 90 लागली असती, म्हणजे 10 माणसांचं श्रम वाचलं. इंग्लंडने 100 माणसांचं कापड देऊन 120 माणसांची वाइन मिळवली, त्याची 20 वाचली. इथे मी म्हटलं, "आता व्हिडिओ थांबवा, वहीत मांडा." आणि फळ्यावरचे आकडे तसेच दिसत राहू दिले. संकलन करणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, इथे आवाज गेलाय, कापू का?" मी ती शांतता ठेवायला लावली. दूरच्या विद्यार्थ्याला विचार करायला तेवढी तरी जागा हवीच.

या धड्यानंतर इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कामगाराने लिहिलं, "स्वस्त कापड आलं की घेणाऱ्याचा फायदा, पण ज्याचा माग बंद पडला त्याने काय करायचं?" या प्रश्नासाठी स्वतंत्र धडा केला. देशाचा एकूण फायदा म्हणजे देशातल्या प्रत्येकाचा फायदा नव्हे. एका धंद्यातून सुटलेला माणूस दुसऱ्यात सहज जातो असं सिद्धांत धरून चालतो. पन्नाशीच्या कामगाराला ते जमत नाही. हे शिक्षकाने स्वच्छ शब्दांत सांगायलाच हवं.

गाइडांमध्ये 'खाउजा' एका दमात उरकतात. मी खासगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरण वेगवेगळं घेतलं आणि तारखा एका रेषेवर मांडल्या. मुंबईच्या गिरण्या जागतिकीकरणाने बंद पडल्या असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. गिरणी संप 18 जानेवारी 1982 चा, नवं आर्थिक धोरण 1991 चं, जागतिक व्यापार संघटना 1 जानेवारी 1995 ची. रेषा बघितल्यावर बाकी फारसं सांगावं लागलं नाही.

कांद्याच्या धड्यावर मात्र उत्तरांचा पाऊस पडला. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात निर्यातबंदी, मे 2024 मध्ये टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याहून कमी भावात निर्यात नाही) ठरवून बंदी उठली. कोणाचा फायदा, कोणाचा तोटा, हे दोन रकान्यांत लिहा असं सांगितलं होतं. येवल्याच्या मुलाने लिहिलं, बंदीने आमचं घर बसलं. ठाण्याच्या एका बाईंनी लिहिलं, भाव उतरल्यावर महिन्याचा हिशेब जमला. दोघांचं म्हणणं पुढच्या व्हिडिओत शब्दशः वाचून दाखवलं आणि त्या दोन उत्तरांतूनच ग्राहकाचं आणि उत्पादकाचं हित शिकवलं.

व्हिडिओ दहा-बारा मिनिटांचेच ठेवले, आणि ज्यांचा डेटा संपतो त्यांच्यासाठी नुसता आवाजही दिला. त्यामुळे आकडे बोलतानाच पूर्ण उच्चारायची सवय लागली.

सध्या व्यवहारतोलाचा, म्हणजे देशाच्या परदेशांशी होणाऱ्या सगळ्या देण्याघेण्याच्या हिशेबाचा धडा लिहिते आहे. रत्नागिरीच्या एका विद्यार्थिनीचा नवरा कुवेतला असतो. तो पाठवतो ते पैसे कुठे धरतात, असं तिने विचारलं आहे. ते व्यवहारतोलाच्या चालू खात्यात धरतात, म्हणजे माल, सेवा आणि असे घरी पाठवलेले पैसे यांच्या हिशेबात. 1990च्या आखाती संकटात तेल महागलं, हे पैसे आटले, आणि 1991 मध्ये देशाला सोनं बाहेर गहाण ठेवावं लागलं, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. धड्याची सुरुवात तिच्या प्रश्नानेच करणार आहे.