चकिटवा: बडोद्याचे चार दिवस आणि प्युअर डेटाचं मराठी

आधी निकाल सांगतो, मग प्रवास. प्युअर डेटा या आवाज घडवायच्या प्रोग्रामला हातभार लावायचा असेल तर भाषांतरापासून सुरुवात करू नका. ‘नवख्याने भाषांतर करावं, ते सोपं असतं’ असं जो म्हणेल त्याला विचारा, बाबा रे, तू लिनक्सवर मराठी मेनू उघडून पाहिलायस का? मला असं सांगणारा माझा बडोद्याचा मित्र. ‘दोन दुपारचं काम आहे, काकूकडे राहू, शेव-उसळ खाऊ,’ म्हणाला. शेव-उसळीपुरतं खरं बोलला.

प्युअर डेटा ज्यांनी उघडलेलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पडद्यावर चौकटी मांडायच्या, तारांनी जोडायच्या, आवाज निघतो. अशा मांडणीला पॅच म्हणतात. मिलर पकेट यांनी ऐंशीच्या दशकात पॅरिसच्या इर्काम या संगीत-संशोधन संस्थेत मॅक्स हा याच जातीचा प्रोग्राम लिहिला आणि नव्वदच्या दशकात सॅन डिएगोच्या विद्यापीठात प्युअर डेटा. मॅक्सला पैसे पडतात, हे फुकट आणि खुलं, बीएसडी परवान्याचं. आवाजाचा गाभा सी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला, मेनू आणि खिडक्या टीसीएल-टीके मध्ये, म्हणजे टीसीएल ही भाषा आणि टीके हे पडद्यावर मेनू-खिडक्या काढणारं टूलकिट. हे शेवटचं लक्षात ठेवा, सगळं दुखणं तिथेच आहे. तुम्हाला गिट, म्हणजे फाईलींमधले बदल नोंदवणारं हत्यार, चालवता येतं आणि सोर्समधून प्रोग्राम बांधता येतो हे मी धरून चालतोय. येत नसेल तर घरी शिकून या. बडोद्याच्या उकाड्यात शिकायची ती गोष्ट नाही.

आता कारण. मित्राच्या काकू दांडिया बाजारात राहतात. सुरसागरच्या काठावरच्या म्युझिक कॉलेजात शिकल्या, म्हणजे सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाताखाली सुरू केलेल्या गायनशाळेचा जो आजचा अवतार आहे, तिथे. रोज पहाटे रियाज. तानपुरा आहे, पण आता गुडघ्यांमुळे खाली बसून छेडणं जमत नाही, म्हणून मित्राने त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून प्युअर डेटात तानपुऱ्याचा पॅच करून दिला. काकूंची तक्रार एकच. ‘सगळं इंग्रजीत आहे रे, कुठलं बटण दाबलं की काय उडतं ते कळत नाही.’ तर मेनू मराठी करायचा आणि काम झालं की मूळ प्रकल्पाकडे पाठवून द्यायचं, असा बेत.

पुण्याहून रात्रीची गाडी, पहाटे बडोदा. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने दांडिया बाजाराचे दीडशे सांगितले. मी झोपेत होतो, दिले. काकूंनी दार उघडल्यावर पहिला प्रश्न तोच विचारला आणि उत्तर ऐकून माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथल्या तिथे दहा वर्षांनी लहान झालो. परतताना त्या स्वतः खाली आल्या, ‘साठ थाय, भाई’ म्हणाल्या, आणि साठच झाले. तुमच्याबरोबर काकू नसतील तर मीटर टाकायला सांगा, नाहीतर दोन-तीनशे पावलं चालून रस्त्यावरची रिक्षा पकडा.

गुरुवारची दुपार मस्त गेली, त्यामुळे तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भाषांतराची फाईल पीओ प्रकारची असते, वर इंग्रजी ओळ, खाली आपली. मधे टक्का-एस सारख्या खुणा येतात त्यांना हात लावायचा नाही. गेटटेक्स्ट या भाषांतराच्या हत्याराने पीओची एमएसजी फाईल, म्हणजे टीसीएलला वाचता येईल अशी, बनवायची आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडायचा. पडद्याचा भाग आणि आवाजाचा गाभा हे दोन वेगळे प्रोग्राम आहेत, एकमेकांशी सॉकेट नावाच्या जोडणीवरून बोलतात, त्यामुळे मेनूच्या शब्दांसाठी सी पुन्हा बांधावं लागत नाही. माझ्या विंडोजच्या लॅपटॉपवर संध्याकाळी मराठी मेनू झळकला. आम्ही चहा प्यायलो, एकमेकांच्या पाठी थोपटल्या.

शुक्रवारी सकाळी तीच फाईल काकूंच्या लॅपटॉपवर टाकली. काकूंनी चष्मा पुसला, मेनू उघडला आणि विचारलं, ‘चकिटवा म्हणजे काय रे?’

आम्ही लिहिलं होतं ‘चिकटवा’.

त्याखाली ‘निवडा’चं ‘नविडा’ झालेलं. ‘मिटवा’चं ‘मटिवा’. ‘ध्वनी’तला ध पाय मोडून एकटा उभा आणि व पुढे सुटा. काकूंना वाटलं आम्हाला शुद्धलेखन येत नाही, आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

इथून पुढचे नऊ तास मला परत हवे आहेत. आधी आम्ही फॉन्टवर संशय घेतला, कारण प्युअर डेटाचा नेहमीचा फॉन्ट डेजाव्हू सॅन्स मोनो, आणि त्यात देवनागरी नाहीच. मग नोटो हा देवनागरीचा फॉन्ट टाकला. लोहित हा दुसरा टाकला. दोन्ही काढून एकच टाकला. भाषेची सेटिंगं बदलली. मित्र म्हणाला फाईल युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत नसेल, होती. मी म्हणालो एमएसजी बनवतानाच गडबड होते. होत नव्हती, बाइट मोजून पाहिले. दुपारी तीनला मी सगळा सोर्स नव्याने बांधला, ज्याचा या भानगडीशी काडीचा संबंध नव्हता. पंखा फिरत होता, लॅपटॉप तापला होता आणि काकू दर अर्ध्या तासाने येऊन ‘झालं का चकिटवा?’ विचारून जात होत्या.

तुमचे नऊ तास वाचावेत म्हणून कारण सांगतो. ‘चि’ लिहिताना कॉम्प्युटर आधी च साठवतो, नंतर पहिली वेलांटी. ती उचलून चच्या डावीकडे बसवणं हे अक्षरं रंगवणाऱ्याचं काम. विंडोजवर आणि मॅकवर टीके ते काम यंत्रणेकडून करून घेतं. लिनक्सवरचं टीके ८.६ ते करतच नाही. साठवलेल्या क्रमाने खुणा एकापुढे एक मांडत जातं. म्हणून चच्या मागून आलेली वेलांटी पुढच्या कच्या डोक्यावर जाऊन बसते. जोडाक्षरांचं तेच, जोडायचं असतं हेच त्याला माहीत नाही. फॉन्ट कितीही चांगला आणा, फरक शून्य. आणि हे प्युअर डेटाचं पाप नाही, त्याच्या खालच्या थराचं आहे. तुम्ही किंवा मी एका शनिवार-रविवारी दुरुस्त करू असं तर अजिबात नाही.

चौकटीत मराठी लिहायला गेलात तर आणखी एक गंमत, आणि ती विंडोजवरही आहे. चौकटीची रुंदी अक्षरं मोजून ठरते, एक खूण म्हणजे एक घर. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर दिसतं, पण साठवलेलं असतं क, पाय मोडायची खूण, ष आणि वेलांटी, म्हणजे चार घरं. चौकट ढगळ होते आणि मजकुरात कर्सर भलत्याच जागी लुकलुकतो. टिपणं मराठीत लिहायची हौस असेल तर ती आधीच मारा.

शुक्रवारी रात्री जेवताना काकूंनी वाट काढली. ‘वेलांटी बसत नाही ना? मग वेलांटीचे शब्दच कशाला?’ आणि पुढचे दोन तास आम्ही तिघं ताटावरून न उठता पहिली वेलांटी आणि जोडाक्षर टाळून मेनू रचत बसलो. ‘चिकटवा’चं ‘डकवा’, हा तर अस्सल मराठी शब्द, शाळेत आम्ही चित्रं डकवायचो. ‘निवडा’चं ‘वेचा’. ‘मिटवा’चं ‘पुसा’. पहिल्या मसुद्यात ‘मुद्रण’ होतं, त्याचं ‘छापा’. ‘ध्वनी सुरू’चं ‘आवाज चालू’. एडिटला काकूंनी ‘फेरफार’ दिला, पुट मेनूला ‘ठेवा’. अनडूला ‘मागे घ्या’ हवं होतं, पण त्यात घ्या आलं, म्हणून ‘उलटवा’. खिडकीवर अडलो. खिडकीला पर्याय नाही. शेवटी ‘पट’ ठेवलं, आणि ते मला अजून खुपतंय.

हा जुगाड आहे हे मलाही कळतं. टूलकिटला वेलांटी जमत नाही म्हणून भाषेने वेलांटी सोडायची, हे तत्त्वाला धरून नाही. पण खरं सांगू, आधीचा मसुदा सरकारी परिपत्रकासारखा होता आणि हा माणसाच्या तोंडचा झाला. ताटावर हात वाळेपर्यंत मी त्या दिवसात पहिल्यांदा खूश होतो, त्यामुळे माझ्या या मताला थोडी सूट द्या.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवा ज्याच्यासाठी भाषांतर करताय त्याला: चुकांचे संदेश इंग्रजीतच येणार. भाषांतर फक्त पडद्याच्या भागाचं होतं. गाभ्यातून येणाऱ्या तक्रारी, अमुक चौकट तयार करता आली नाही वगैरे, सी मध्ये लिहिलेल्या आहेत आणि पीओ फाईलपर्यंत पोचतच नाहीत.

शनिवारी सकाळी कमाटीबाग आणि बाहेरून लक्ष्मी विलास राजवाडा. छान आहे, जा.

दुपारी जे केलं ते मात्र तुम्ही पहिल्या दिवशी करा, म्हणजे हेल्प पॅच. प्रत्येक चौकटीला एक मदतीचा पॅच असतो, आणि तो स्वतःही चालणारा पॅचच असतो. त्यात एखादं उदाहरण वाढवणं किंवा टिपण सुधारणं, हे नवख्याचं खरं काम. सी नको, टीके नको.

आम्हाला विषय काकूंनी दिला. पॅचवरचा तानपुरा ऐकत होत्या, त्यांची पट्टी काळी चार. म्हणाल्या, ‘पंचम जरासा उतरलाय. आणि हलतोय.’ मित्र म्हणाला, काकू, हे गणित आहे, उतरेल कसा? उतरलाच होता. त्याने दोन्ही सूर एमटूएफ चौकटीतून, म्हणजे सुराच्या क्रमांकाची कंपनसंख्या करून देणाऱ्या चौकटीतून, काढले होते, षड्जाला ५६ आणि खालच्या पंचमाला ५१ हा आकडा देऊन. ती चौकट पेटीसारखे समान वाटणीचे सूर देते. षड्ज २०७.६५ हर्ट्झ, पंचम १५५.५६. तानपुऱ्याचा पंचम षड्जाच्या पाऊणपट हवा, म्हणजे १५५.७४. फरक जेमतेम ०.१८ चा. पण आवाज काढणाऱ्या फेझर~ चौकटीच्या करवती लाटेत सगळे उपस्वर, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सूर, असतात. पंचमाचा चौथा आणि षड्जाचा तिसरा उपस्वर एकमेकांवर बसायला हवे, ते सुमारे ०.७ हर्ट्झने चुकतात आणि साधारण दर दीड सेकंदाला एक हेलकावा येतो. काकूंनी ‘हलतोय’ म्हटलं ते हेच. एमटूएफ फक्त षड्जाला ठेवली, पंचमासाठी ०.७५ ने गुणायची चौकट लावली, हेलकावा गेला. काकू काही बोलल्या नाहीत, डोळे मिटून सा लावला. एमटूएफच्या हेल्प पॅचमध्ये याचं छोटं उदाहरण घालायचं ठरलं.

इथे दुसरा खड्डा. पॅचची फाईल साधा मजकूर असते आणि तारा आकड्यांनी लिहिलेल्या असतात: तीन, शून्य, पाच, शून्य, म्हणजे तिसऱ्या चौकटीच्या शून्याव्या तोंडातून पाचवीच्या शून्याव्या तोंडात. आकडे चौकटींच्या फाईलमधल्या क्रमावरून येतात, मोजणी शून्यापासून. मी एक चौकट कापून तिथेच परत डकवली. ती फाईलच्या तळाला गेली, तिच्यामागच्या सगळ्यांचे आकडे सरकले, आणि तीन ओळींचा बदल तपासणाऱ्याला अख्खी फाईल बदलल्यासारखा दिसू लागला. खिडकी हलवून साठवलंत तर तिची जागासुद्धा पहिल्या ओळीत बदलते. म्हणून कापू नका, जागच्या जागी बदला, नवं ते शेवटी जोडा, आणि पाठवण्याआधी गिटचा फरक एकदा डोळ्यांखालून घाला. बदल मूळ प्रकल्पात घ्या अशी विनंती पाठवायची असते, तर भाषांतर आणि हेल्प पॅच एकाच विनंतीत कोंबू नका. आम्ही कोंबलं आणि रविवारची सकाळ ते सोडवण्यात घालवली.

सामानाचं सांगायचं तर हेडफोनची जाडी पिन आणि बारीक पिन जोडणारा तुकडा घरून न्या. ६.३५ मिलीमीटरचं भोक आणि ३.५ ची पिन, शनिवारी संध्याकाळी अडलो. एका दुकानात त्या बोटभर तुकड्याचे चारशे मागितले, ‘इम्पोर्टेड आहे’ म्हणून. पुण्यात मी तो पन्नासला घेतलाय. चारशे दिले, कारण दुकान बंद होत होतं आणि काकूंना रात्री ऐकवायचं कबूल केलं होतं. घरी येऊन लावला तर एकाच कानात आवाज. किंमत काकूंना सांगितली नाही, तुम्हीही सांगू नका.

लॅपटॉप लिनक्सचा आणि विंडोजचा असे दोन हवेत, एकावर पाहून पाठवू नका. जिच्यासाठी मेनू करताय ती व्यक्ती शेजारच्या खोलीत हवी. आम्ही दोघंच असतो तर ‘चकिटवा’ सवयीने ‘चिकटवा’ वाचून मोकळे झालो असतो.

हे मी परतीच्या गाडीत वरच्या बर्थवर लिहायला घेतलं होतं, आता घरी पुरं करतोय. दोन्ही विनंत्या पाठवून झाल्या आहेत, अजून उघड्या आहेत. काकूंच्या लॅपटॉपवर मात्र आमचा मेनू चालू आहे. काल रात्री फोन आला. फेरफारमधलं ‘उलटवा’ चार वेळा दाबलं, पंचमाच्या तारा गेल्या, त्या नेमक्या कुठे गेल्या आणि परत कशा आणायच्या, म्हणून.